तुडूम उघडणाऱ्याचं फुप्फुस

मी फुप्फुस बोलतोय. इस्तारी ढिवराच्या छातीतलं उजवं फुप्फुस. आजवर मुकाट्यानं राबलो, पण आज माझा संताप मावेना झालाय. इस्तारी तलावाच्या पारावर, मातीच्या बांधावर, उभा आहे, पुन्हा तोच मूर्खपणा करतो आहे, आणि मला त्याला थांबवता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

आईच्या पोटात होतो तेव्हा मी ओल्या फडक्यासारखा घडी घालून पडलेला होतो. इस्तारी जन्मला, त्यानं टाहो फोडला आणि हवा आत शिरली तसा मी उलगडलो. तेव्हापासून एक दिवस सुट्टी नाही. शेजारी माझं धाकटं भावंड, डावं फुप्फुस. काळजाला जागा करून देता देता ते जरा लहानच राहिलं.

लोकांना वाटतं, फुप्फुस हवा ओढतं. कसलं काय! मला ओढायला स्वतःचा स्नायूच नाही. माझ्याखाली एक पडदा आहे, छाती आणि पोट यांच्या मधोमध. तो खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, आत जागा होते आणि हवा आपोआप येते. पडदा सैल सुटला की ती बाहेर जाते. नाकातून, नळीतून, नळीच्या फांद्यांतून हवा माझ्यापर्यंत पोचते, आणि फांद्यांच्या टोकांना असतात माझे लाखो बारीक फुगे. त्यांच्या पातळ भिंतींना रक्ताच्या केसाएवढ्या वाहिन्या बिलगलेल्या. तिथं सौदा होतो: प्राणवायू रक्तात जातो, रक्तातला कर्बवायू माझ्याकडे येतो आणि मी तो बाहेर टाकतो. ह्या कामाबद्दल मला मिळतं काय, तर बिडीचा धूर. आमच्या पोंभुर्ण्याच्या रानात तेंदूपानाला तोटा नाही, त्यामुळे माझ्या हालांनाही तोटा नाही. धूळ बाहेर लोटणारे माझ्या नळ्यांतले बारीक केस त्या धुरानं गुंगून पडतात, मग सकाळी इस्तारी खोकतो आणि म्हणतो, "हवा लागली." हवा नाही रे बाबा, बिडी लागली!

पण बिडीचा राग वेगळा. आजचा राग तुडुमाचा आहे.

तलावाच्या तळाशी, पाराला लागून, पाणी सोडायची दगडी मोरी असते. तिच्या तोंडात सागाचं बूच ठोकलेलं असतं. त्या सगळ्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. पाऊस सरला, धान लोंबीवर आलं की शेवटचं पाणी द्यावं लागतं, नाहीतर दाणा भरत नाही. मग बुडी मारून बूच काढायचं ते मासे धरणाऱ्या ढिवरानंच. तलावाचा मालक मालगुजार होता तोवर बूच दरसाल नवं बसायचं. मालगुजारी गेली, तलाव कुणाचा ते ठरेना, आणि बूच तिथंच फुगून घट्ट बसलं. आता ते हलवायला बराच वेळ खाली राहावं लागतं.

म्हणून देवाजी म्हाताऱ्यानं इस्तारीला युक्ती शिकवली. देवाजी आधी तुडूम उघडायचा. त्याच्या बापानंही त्याला हेच शिकवलं होतं.

"फुक बाबू, जोरजोरानं फुक," तो म्हणायचा. "आतली सडकी हवा काढून टाक. मंग पान्यात दम पुरते, छाती जळत नाई."

छाती जळत नाही हे खरं. म्हणूनच तर मी दातओठ खातो आहे, मला दात नसले तरी!

ऐका. मेंदूच्या देठाशी एक राखणदार बसलेला असतो. श्वास घे म्हणून ओरडायचं काम त्याचं. पण प्राणवायू किती उरला याकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. तो पाहतो कर्बवायू. कर्बवायू वाढला की हाकाटी करतो, छाती जाळतो, माणसाला धडपडत वर आणतो. इस्तारी पारावर उभं राहून भसाभसा फुंकतो तेव्हा प्राणवायू काही साठत नाही, तो आधीच भरलेला असतो. जातो फक्त कर्बवायू. म्हणजे राखणदाराला झोपवून चोरासाठी दार उघडायचं! खाली प्राणवायू संपत जातो आणि वर कुणी ओरडत नाही. माणसाला वाटतं, वा, काय दम आहे माझा. आणि वाटता वाटताच शुद्ध हरपते.

गेल्या साली तेच झालं. इस्तारी फुंकून बुडाला. बूच हलवलं, काढलं, पाणी मोरीतून धो धो निघालं. पारावर लोक आनंदानं ओरडले. इस्तारी वर यायला निघाला आणि पाण्याखाली हातभर अंतरावर विझला. घशाचं दार आवळून बंद झालं, त्यामुळे पाणी माझ्यापर्यंत फारसं आलं नाही. पण हवाही येईना. मी तिथं रिकामा, लाचार पडलेला.

त्याची बायको गोकुळा काठाला हातजाळ्यानं झिंगे धरत होती. पाण्यावर डोकं दिसेना तशी ती झेपावली, त्याला केसांनी धरून ओढत काठाला आणलं. माणसं जमली.

"उलटा टांगा त्याले! गरगर फिरवा, पानी निघते!"

"सरका बाजूले!" गोकुळा ओरडली. "माहा मानूस हाय तो. हात नोका लावू!"

तिची लेक जन्मली तेव्हा रडली नव्हती. रानटोल्याच्या सोमारी सुईणीनं त्या निळ्या पोरीच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकलं होतं आणि पोर रडली होती. गोकुळानं बाजेवरून ते पाहिलं होतं. तेच तिनं केलं. भर पारावर, सगळ्या गावादेखत, नवऱ्याचं नाक दाबलं आणि तोंडावर तोंड ठेवलं. बायका पदर तोंडाला लावून वळल्या, बाप्यांनी माना फिरवल्या.

पहिल्या वेळी दार उघडलं नाही. मग ढिलं झालं आणि तिचा श्वास माझ्यात आला. वापरलेला होता, पण त्यात प्राणवायू पुष्कळ उरलेला होता. माणूस घेतलेल्यातला चौथा हिस्साच खर्च करतो, बाकी तसाच परत टाकतो. त्या उरलेल्यावर मी उलगडलो. ती फुंकत राहिली, रडत फुंकत राहिली, आणि इस्तारी खोकला. मला दुसरा जन्म त्या बाईनं दिला.

आणि गावानं काय केलं? ज्यांच्या धानाच्या बांध्यांत पाणी खळखळत गेलं तेच हसले. त्यांतलाच घनश्याम पानठेल्यावर म्हणाला, "काऊन रे इस्तारी, आता बायकोच्या फुकेवर जगून राह्यला का?" लोक खिदळले. असे हे लोक! धान भरलं, कोठ्या भरल्या, लक्षात राहिलं ते फक्त बाईनं तोंड लावलं हे.

इस्तारीनं तो राग बायकोवर काढला. घरी येऊन गोकुळाला म्हटलं, "माही इज्जत घालवली तू. आता तुडूम उघडाच्या दिवशी पारावर याचं नाई."

"मेला असता तू."

"मरू द्याचं होतं."

 तिनं भात वाढला आणि ती चुलीकडे तोंड करून बसली. मी आत होतो, त्याची छाती कशी भरून आली ते मला ठाऊक आहे. पण तोंडातून एक शब्द निघाला नाही त्याच्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि हा गडी म्हण खरी करायला निघालाय.

आज धान पुन्हा लोंबीवर आहे. बूच पुन्हा फुगलेलं आहे. इस्तारी पारावर उभा राहून फुंकतो आहे, देवाजी कौतुकानं मान डोलावतो आहे. हातापायांना मुंग्या आल्या आहेत, राखणदार पेंगायला लागला आहे. काठावर जाळं घेऊन कुणी नाही. पलीकडच्या बांधीत गोकुळा निंदायला वाकली आहे, पाराकडे पाठ करून, कारण तिला तसं सांगितलेलं आहे. हाकेच्या अंतरावर आहे.

इस्तारी, माझ्यावर तुझा हुकूम चालतो. तू बुडशील, मी बुडेन. पण बुडण्याआधी तिला हाक मार. ये म्हण. लोक हसतील तर हसोत. हाकेपुरती हवा माझ्याकडे आहे.