चाळीसचा कौल

भुताखेताचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. न्हावरा फाट्यावर माझं गॅरेज आहे, आणि बिघडलेल्या गाडीला आधी लिंबू-मिरच्या बांधून मग माझ्याकडे आणणारी माणसं मी रोज बघतो. २००६ च्या उन्हाळ्यात वडगाव रासाईच्या सुषमाताईंनी त्यांची पांढरी पेट्रोल गाडी दारात लावली, तेव्हाही मला तेच वाटलं. मागच्या सीटवर त्यांची सासू अनसाबाई बसली होती. खाली उतरायलाच तयार नव्हती.

सुषमाताईंनी मला बाजूला घेतलं. नवरा ज्ञानदेव वर्षापूर्वी काविळीनं गेला. आता त्या स्वतः गाडी शिकून रांजणगावला कंपनीच्या कॅन्टीनवर कामाला जात होत्या.

"चाळीसला आली की गचका देती," त्या म्हणाल्या. "आत्याबाई म्हणत्यात, मोनालीचे पप्पाच कौल देत्यात. आमच्यात बिरोबाला कौल लावत्यात, तसा ह्या गाडीला लावाय लागल्यात. परवा त्यांनी इचारलं, 'मोनालीला माझ्या भावाच्या नातवाला देऊ का?' गाडीनं दिला गचका. झालं! बारावीतली पोर, सोयरीक ठरली. सम्राटभाऊ, गाडीत कुणी हाय का न्हाई, तेवढं आत्याबाईंसमोर सांगा."

"आत वायरी हायेत, ताई. चला, दाखवतो."

स्टिअरिंगवर मी बसलो. तीसला गाडी झकास. पस्तीस, अडतीस. मागून अनसाबाई मायेनं म्हणाली, "ज्ञानू, मोनीचं लगीन पक्कं करू ना रं?" मानेला हिसका बसेल असा गचका बसला. पन्नासला गाडी परत गप्प. मी मुद्दाम वेग उतरवला. "ऐकतूयास ना?" पुन्हा गचका. म्हातारीला मीटरवरचा आकडा वाचता येत नव्हता, पण पोराच्या गाडीत बसून बसून तो वेग तिला अंगानं कळत होता. भर उन्हात माझ्या हातावर काटा आला, आणि आला म्हणून मला स्वतःचाच राग आला.

गॅरेजात बॉनेट उघडलं. थ्रॉटल किती उघडलाय ते इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवणारा एक छोटा सेन्सर असतो. त्याच्या वायरींना काट्याचं मीटर लावलं, चावी फिरवली आणि हातानं थ्रॉटल हळूहळू उघडत नेला. काटा सरळ चढला, एका जागी एकदम शून्यावर पडला आणि पुढे पुन्हा चढला. परत करून पाहिलं, तर तिथंच पडला. सेन्सर काढून फोडला. आतली काळी पट्टी एकाच जागी झिजून खळी पडली होती.

"ज्ञानदेवभाऊ कशी चालवायचे?"

"चाळीसनं. रस्ता मोकळा असला तरी चाळीसच. ट्रॅक्टरवाले हसायचे त्यांना."

"मग हे बघा. इतकी वर्षं त्यांचा पाय ह्याच जागी व्हता. हितं आलं की सिग्नल तुटतो, गाडी गचकती."

बोलून गेलो आणि चरकलो. भूत नाही हे दाखवायला निघालो होतो, आणि मेलेल्या माणसाच्या पायाची जागा काढून त्याच्या आईच्या हातात दिली होती. अनसाबाईनं सीटवरूनच सेन्सर मागून घेतला आणि ती त्या खळीवर अंगठा ठेवून बसून राहिली.

शिरूरहून नवा सेन्सर मागवून बसवला. या खेपेला सुषमाताई चालवायला बसल्या, मी शेजारी. अडतीस, चाळीस. अनसाबाईनं लग्नाचं विचारलं. काही नाही. तिनं मोठ्यानं विचारलं, मग ओरडून. गाडी मुकाट पळत राहिली.

"न्हाई म्हणतुया," म्हातारी शेवटी म्हणाली. "मोडा सोयरीक. शिकू द्या पोरीला."

काम फत्ते! मी हसून सुषमाताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. चाळीसवरून त्यांचा पाय हलत नव्हता.

"मी बी इचारायचे, भाऊ," त्या रस्त्याकडे बघतच हळू आवाजात म्हणाल्या. "रोज कामावर जाताना. सोबत हायसा ना, म्हणून. ते रोज व्हय म्हणायचे."

माझं हसू मी आवरतं घेतलं.

"मग उद्यापास्नं मी एकटीच जायचं का?"

फाटा येईपर्यंत गाडी चाळीसनंच चालली.