रविवारचं पाणी

नवापूरच्या वळणाच्या अलीकडे क्लेमेंटीन माझ्या पुढे गेली. गेली ती गेली, वर मागे वळून ओरडली, "नरहरीदादा, ये ना रे! पाय घरी ठेवून आलास काय?" आणि हसत सुटली. पंधराव्या किलोमीटरला हसायला हिच्या छातीत दम उरतोच कसा, देव जाणे. मला थुंकी गिळायची चोरी.

सरळच सांगतो, माझा जळफळाट झाला.

मी सत्तेचाळीस वर्षांचा. गावच्या नळपाणी योजनेवर व्हॉल्वमन. पहाटे चारला आळ्यांचे व्हॉल्व सोडायचे, पाचला बंद करायचे आणि धावायला निघायचं, हे सात वर्षं चाललंय. ध्यास एकच, अर्ध्या मॅरेथॉनचे एकवीस किलोमीटर दोन तासांच्या आत. दर डिसेंबरला वसई-विरारची मॅरेथॉन आली की कधी दोन तास सहा मिनिटं, कधी दोन तास तीन. एकदा तर दोन तास आणि चाळीस सेकंद! त्या चाळीस सेकंदांनी मला किती छळलं ते आमच्या यशोदेला विचारा.

आणि ही बाई धावायला लागून धड वर्षसुद्धा झालं नव्हतं. शेजारच्या आळीत राहणारी, मासळी विकणारी. नवरा गेलेला, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. डॉक्टर हिला म्हणाले शुगर आहे, चाला. तर यशोदा मला म्हणते, "अहो, तुम्ही रोज जाताच की, तिलाही न्या. एकटी बाईमाणूस अंधारात कुठं जाईल?" नेलं. माझी हौस दांडगी ना! श्वास कसा घ्यायचा, पाऊल कसं टाकायचं, सगळं मीच शिकवलं. बूटही मीच पसंत करून दिले. सहा महिन्यांत बाई माझ्या बरोबरीला, आठव्या महिन्यात पुढे. वीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन अर्नाळ्याच्या वाळूतून चाललेले पाय ते. त्यांना मी काय कपाळ शिकवणार होतो!

आमचा एक रिवाज होता. जाताना मी नवापूरच्या वळणावरच्या कट्ट्यावर पाण्याच्या दोन बाटल्या ठेवायचो, परतताना प्यायला. पाणीवाला मीच. जो आधी पोचेल त्याने दुसऱ्यासाठी थांबायचं. पूर्वी मी थांबायचो. आता ती थांबायची आणि माझ्या बाटलीचं झाकण उघडून हातात द्यायची. "पी दादा, दमलास." त्या उघडलेल्या झाकणाचा मला इतका राग यायचा, की पाणी घशाखाली उतरायचं नाही.

त्यात पाणी कमिटीच्या प्रीतमने चहाच्या टपरीवर भर लोकांत म्हटलं, "काय नरहरी, चेली पुढं नि गुरू मागं! यंदा गावच्या बोर्डावर फोटो बाईचाच लागनार." सगळे हसले. मीही हसलो, न हसून सांगता कुणाला?

क्लेमेंटीनचा रविवार मला तोंडपाठ होता. चार ते पाच पाणी, पाच ते सात धावणं, आठला चर्चमध्ये मिस्सा. इतर दिवशी मासळीच्या घाईत तीन-चार किलोमीटर व्हायचे, लांब धावायला हा एकच वार. घरावर टाकी नाही. चार पिंपं आणि दोन हंडे, त्यावर सासूचं सगळं. पाण्याच्या वेळेला ती घर सोडूच शकत नव्हती.

मॅरेथॉनला सहा आठवडे उरले असताना मी तिच्या आळीचं रविवारचं पाणी सहावर नेलं. कुणाचं तोडलं नाही, कमी केलं नाही. प्रीतमला सांगितलं, प्रेशर मिळत नाही. आमच्याकडे प्रेशर म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. सहाला व्हॉल्व सोडायचा म्हणून मला अर्ध्यातून गावात परतावं लागायचं आणि उरलेलं अंतर नंतर पुरं करावं लागायचं. तेही केलं. माणूस जळायला लागला की कष्टाला मागे हटत नाही.

पहिल्या रविवारी ती दारात हंडे घेऊन उभी होती. "दादा, तू जा. पानी सहाला हाय म्हनतात."

"काय करणार, प्रेशर."

"जाऊं दे. पुढच्या रविवारी येते मी."

पुढच्या रविवारीही प्रेशर नव्हतं. पाण्याची बाटली मी एकटाच प्यायलो, आणि खोटं कशाला बोलू, गोड लागली.

मॅरेथॉनच्या दिवशी दहा किलोमीटरपर्यंत तिची पाठ माझ्या पुढे दिसत होती. मग नाहीशी झाली. सोळाच्या पाटीपाशी पाहतो तर बाई दुभाजकावर बसलेली, दोन्ही हातांनी पोटरी दाबत. लांब पल्ल्याची सवय मोडली होती, पाय कुठून साथ देणार? ती सवय कुणी मोडली ते फक्त मला ठाऊक होतं. माझा वेग कमी झाला.

"थांबू नको दादा!" ती ओरडली. "घड्याळ बघ! बसतंय तुझं दोन तासांत! पळ!" आणि वेदनेने तोंड वाकडं झालेलं असताना टाळ्या वाजवू लागली.

मी पळालो. एक तास एकोणसाठ मिनिटं, एकवीस सेकंद.

बोर्डावर माझा फोटो लागला. यशोदेने मेडल खिळ्याला अडकवलं. संध्याकाळी क्लेमेंटीन लंगडत आली, माझ्यासाठी बोंबील तळून घेऊन. "वहिनी, मी म्हनलेलं ना, यंदा दादाचं होनार!" मी दोन बोंबील खाल्ले. तिसरा उचलवेना.

मन खात होतं. दोन रविवार गेले, तिसऱ्या रविवारी मी तिच्या आळीचं पाणी पुन्हा चारला सोडलं. वाटलं, संपवून टाकू एकदाचं. तीच माझी चूक. पाचला व्हॉल्व बंद करायला गेलो तर ती बूट घालून दारात उभी.

"प्रेशर आलं?"

"आलं."

"सोमवारी होतं, मंगळवारी होतं, शनिवारी होतं. रविवारचंच गेलेलं. नि मॅरेथॉन झाली नि आलं."

मी हातातली व्हॉल्वची चावी या हातातून त्या हातात केली.

"कमिटीला नाय सांगनार मी," ती म्हणाली. "यशोदावहिनी डोळ्यांपुढं येतात." खाली वाकून तिने नाडी बांधली. "पानी तुझ्या हातात हाय, दादा. पाय माझे हायत." आणि निघाली. लंगडत नव्हती.

मी मागून निघालो. कट्ट्यावर दोन बाटल्या ठेवल्या आणि एकीचं झाकण मीच उघडून ठेवलं. राजोडीच्या अलीकडे ती समोरून परतताना दिसली. मी हात वर केला. ती रस्त्याकडे बघत तशीच निघून गेली.

परत वळणावर आलो. कट्ट्यावर कुणी थांबलेलं नव्हतं. उघडी बाटली काठोकाठ भरलेली, तशीच होती. तहान मलाही लागली होती, पण हात पुढे गेला नाही.