तांबड्या कानांची कालवड

संत ब्रिजिदच्या सणाच्या आदल्या दिवशी पहाटे नाब्लाची काळी गाय व्याली. कालवड झाली, अंगाने पांढरीशुभ्र, कान तेवढे तांबडे. पण ती उभी राहीना की आचळाला तोंड लावीना.

शेजारची म्हातारी साइव्ह गोठ्यात डोकावली आणि दारातच थबकली.

"अगं बाई! हे आपल्यातलं नव्हे. टेकडीखाली राहणाऱ्या त्या जादूच्या लोकांची गुरं असतात अशी. ती माणसं आपलं परत नेल्याशिवाय राहायची नाहीत. माया लावू नकोस, आणि नाव तर मुळीच ठेवू नकोस!"

"ब्रिजिद तान्हेपणी अशाच गायीच्या दुधावर वाढली ना?" नाब्ला म्हणाली.

"ती संत होती. तू कोल्मनची बायको आहेस."

कोल्मन मागून आत आला. त्याने कालवड खांद्यावर घेतली आणि स्वयंपाकघरात चुलीजवळ गवतावर आणून ठेवली. मग टोपली घेऊन जळणाला गेला.

नाब्ला चिकात बोटं बुडवून तिच्या तोंडात घालू लागली. तोंड गार होतं. याच चुलीसमोर, लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, नाब्लाला मुलगी झाली होती. श्वास न घेताच जन्मलेली. मेलेल्या मुलाला बाप्तिस्मा नाही, म्हणून नाव नाही, आणि चर्चच्या आवारात जागाही नाही. कोल्मनने तिला एका खोक्यात घालून समुद्राकाठच्या त्या रानात नेलं, जिथे बेटावरची अशी सगळी बाळं पुरलेली होती. परत आल्यावर त्याने हात धुतले. त्यानंतर त्या दोघांत तो विषय कधी निघाला नाही.

"घे गं," नाब्ला कालवडीच्या कानाशी लागून म्हणाली. "घे ना थोडंसं, मुइरन."

दारात टोपली घेऊन कोल्मन उभा होता.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

"मुइरन म्हणालीस." त्याने टोपली खाली ठेवली. "तिचं नाव ना?"

नाब्लाने मान डोलावली. आता हा चिडेल, असं तिला वाटलं. कोल्मन गुडघे टेकून तिच्याशेजारी बसला आणि कालवडीचं डोकं त्याने मांडीवर घेतलं.

"मी तिला फिडेल्मा म्हणतो," तो म्हणाला. "मनातल्या मनात."

"अजून?"

"अजून." मग जरा थांबून, "तुझं जास्त चांगलं आहे."

"तुझं काय वाईट आहे रे!" ती म्हणाली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. कोल्मनने तिचे डोळे आपल्या बाहीने पुसले. बाहीला गोठ्याचा वास होता. दोघं आळीपाळीने कालवडीचं अंग चोळत राहिली. दुपार व्हायच्या आत तिने नाब्लाचं बोट असं ओढलं की नाब्ला ओरडलीच.

"हिला मात्र यातलं कुठलंच नाव नको," नाब्ला म्हणाली. "ती दोन्ही पोरीचीच राहू देत."

"हिला तांबडकानी म्हणू. साइव्हला काय बोलायचं ते बोलू दे."

सणाच्या सकाळी दोघं त्या रानात गेली. नाब्ला तिथे पहिल्यांदाच येत होती. सगळीकडे काटेरी झुडपं माजली होती. एका पांढऱ्या दगडाभोवती मात्र गवत नीट कापलेलं होतं, आणि दगडाशेजारी शिंपले मांडलेले होते.

"तू येत होतास?"

"मासे धरायला जाताना. वाटेवरच आहे."

ते रान वाटेवर नव्हतं. नाब्लाने त्याचा हात धरला.