टोपलीतलं बक्कल

कांद्यावरून पाय घसरला आणि गडगड्या स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाठीवर पडला. पोतं तळाशी फाटलेलं, कांदे चुलीपासून उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेलेले. चूक म्हटली तर पोत्याची. मार खाल्ला बायकोने.

आमची नि त्यांची भिंत एकच. माणसाचं बोलणं तिकडून अर्धंमुर्धं ऐकू येतं, पण बक्कल स्वच्छ ऐकू यायचं. दाराआडच्या खिळ्यावरून पट्टा निघाला की ते खणकन वाजायचं, आणि माझ्या हातातलं काम तिथेच थांबायचं.

पट्टा बैलाच्या गळ्यातला. चार बोटं रुंद, जाड कातडं, पितळी बक्कल. बैलाला त्याने कधी कुणी मारलं नाही. मारलं ते गडगड्याच्या बापाने, बायकोला आणि पोराला. बैल गेला, बाप गेला, पट्टा तेवढा खिळ्यावर राहिला, आणि पोराचा हात वर तिथपर्यंत पुरायला लागला.

त्या दिवशी मी धावत गेले तेव्हा त्याची बायको, आम्ही तिला धाकटी म्हणतो, भिंतीला पाठ लावून बसलेली. भुवईवरून रक्त डोळ्यात उतरत होतं. गडगड्या पट्टा मुठीला गुंडाळत होता.

"वहिनी, तुम्ही घरी जा," तो म्हणाला. "आमच्या घरातला कचरा आम्ही काढू."

"कचरा काढतोस की माणूस मारतोस?"

"मध्ये येईल त्याचीही पाठ सोलीन."

त्याची आई, म्हणजे आमची मावशी, कोपऱ्यात कांदे गोळा करत होती. एक शब्द बोलली नाही. मला तिचाच राग आला. देवाने तोंड दिलंय, ते काय नुसतं घास गिळायला?

दुसऱ्या दिवशी तो शेतावर गेल्यावर मावशी माझ्या दारात. बाहेर ढेकळं तापून पांढरी पडलेली, वाऱ्याने घराघरांत माती भरलेली.

"तुझ्या मालकांची रापी आणि आरी दे. मेणाचा दोरा पण दे."

आमचे मालक जोडे शिवतात. "कशाला गं मावशी?"

"कांद्याला टोपली शिवायची आहे. कापडाची."

"कापडाला कातडं कापायची रापी?"

"येऊन बघ."

गेले तर मशीनवर पांघरुणाचं जुनं कापड, आतून लावायला गव्हाच्या पिशवीचं जाड कापड. धाकटीचा डोळा सुजून बंद झालेला, तरी दुसऱ्या डोळ्याने ती बाजू जुळवत होती. मावशीने दोन्ही कापडांच्या पिशव्या शिवल्या, तळाचे कोपरे चिमटीत धरून आडवी शिवण मारली आणि टोकं कापली. पिशवी चौकोनी बसली. आतल्या कापडाला मूठभर जागा न शिवता ठेवली, तिच्यातून सगळं उलटून सुलटं काढायला.

"आता तळाला काहीतरी कडक लागेल," मी म्हटलं. "पुठ्ठा आहे का?"

मावशी उठली. खिळ्यावरचा पट्टा काढला. बक्कल वाजलं तशी धाकटी जागच्या जागी आकसली.

"अहो आत्या, नको," ती म्हणाली. "ते मला जिवंत ठेवणार नाहीत."

"आत्ता ठेवतोय का?"

रापी कातड्यात शिरेना. दोन्ही गुडघ्यांखाली पट्टा दाबून मावशीने ती अंगाच्या जोराने ओढली. घाम तिच्या नाकावरून कातड्यावर टपकत होता. तीन तुकडे तळाला, दोन कडांना कान म्हणून. मशीनच्या दोन सुया मोडल्या, मग आरीने भोकं पाडून हातानेच शिवलं. बक्कल उरलं. "टाक तळातच, वजनाने टोपली कलंडणार नाही," मावशी म्हणाली. घाईत त्याला टाका घालायचा राहिला आणि आतल्या कापडाची मोकळी जागा शिवून झाली. जमिनीवर ठेवताच आत खण्ण झालं.

"उसव नि टाका घाल," मी म्हटलं.

"आता राहू दे. डोळे फुटायची वेळ आली." मग जरा थांबून म्हणाली, "खाटेखाली लपायचा गं तो. चार वर्षांचा होता. पट्टा वाजला की दोन्ही कोपरं डोक्यावर घ्यायचा. मी मध्ये पडले नाही. आता बैल गेला आणि झोपा केला, अशी माझी गत."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो आला. विहिरीचं इंजिन बंद पडलेलं, हात तेलाने काळे. जेवणाला उशीर होता, तेवढं निमित्त पुरलं. हात खिळ्याकडे गेला आणि मोकळा परत आला.

"पट्टा कुठाय?"

त्याने धाकटीच्या तोंडावर मूठ मारली. ती मांडणीवर आदळली, भांडी कोसळली. मी पोचले तोवर तिचे केस त्याच्या मुठीत होते आणि डोकं भिंतीवर एकदा आपटून झालं होतं. मावशी त्याच्या हाताला लटकली. त्याने तिला झटकली, तशी म्हातारी उंबऱ्यावर पडली. दात ओठात रुतला.

"माझा पट्टा कुठाय?" म्हणत त्याने हाताला लागली ती टोपली उचलली आणि धाकटीच्या डोक्यावर हाणायला वर नेली. कांदे धबाधबा पडले. रिकाम्या टोपलीत त्याच्या कानाशीच बक्कल वाजलं.

खण्ण.

देवाशपथ सांगते, मी बघितलं ते असं. टोपली त्याच्या हातून सुटली. एवढा दांडगा बाप्या खाली बसला आणि दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली. डोळे गच्च मिटलेले. "नको," म्हणाला. आवाज त्याचा नव्हता.

घरात फक्त कांदे घरंगळत होते.

मावशी रक्त पुसत उठली. त्याच्या जवळ गेली. वाटलं, पोटाशी धरेल. तिने हात पुढे केला, तसाच मागे घेतला.

"तेव्हा धरायला हवं होतं तुला," ती म्हणाली. "आता कांदे उचल."

त्याने डोळे उघडले. समोर आम्ही तिघी. रांगत रांगत त्याने मांडणीखालचे, चुलीमागचे कांदे वेचले आणि एकेक टोपलीत ठेवला. मग न जेवता शेतावर गेला.

माणूस एका दिवसात देव होत नाही. अजून त्याचा आवाज भिंतीपलीकडून गडगडतो, पण फटका ऐकू येत नाही. टोपली त्याच खिळ्यावर, पट्ट्याच्याच कानांनी टांगलेली असते. परवा मी धाकटीला म्हटलं, "आण इकडे, बक्कलाला टाका घालून देते."

तिच्या भुवईवर पांढरा वण आहे. कांदा घेताना तिने टोपली थोडी जास्तच हलवली. आतल्या खोलीत चढत चाललेला त्याचा आवाज थांबला.

"असू दे, वहिनी," ती म्हणाली.