पॅकिंगचा नारळ

"अण्णा, पॅकिंगच्या बायकांचा नारळ कुठाय?"

मंदाने हे माइकवरच विचारलं, आणि माइकही असा होता की नुसतं खाकरलं तरी सातपूरच्या नाक्यापर्यंत ऐकू जावं. पैज वर्गातल्या शैला आणि छबूची. "विचारलंस तर मिसळ आमच्याकडून, वर तर्री पाहिजे तेवढी. नाही विचारलंस तर दहावी संपेपर्यंत तुला भित्री भागूबाई म्हणणार." नववीपर्यंत मंदा भिंतीला चिकटून चालायची. पण यंदा वक्तृत्वाची ढाल काय मिळाली, बाईसाहेबांना स्वतःचा आवाज आवडायलाच लागला होता.

दिवस खंडेनवमीचा. पंख्यांच्या त्या कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या आणि पूजा चार ठिकाणी चाललेल्या, कारण कारखाना एक आणि युनियन चार. टूलरूमची वेगळी, वाइंडिंगची, म्हणजे तारा गुंडाळणाऱ्यांची, वेगळी, ओतकामाची वेगळी, रंगखात्याची वेगळी. गेटवर चार पाट्या, चार झेंडे आणि एकमेकांचं तोंड न बघणारे चार पुढारी. टूलरूम संपावर गेली की वाइंडिंगवाले ओव्हरटाइम मारायचे. वाइंडिंगवाले बसले की रंगखात्याच्या हातांना नवा जोर चढायचा. मॅनेजरसाहेब मात्र चारही पूजांना हजर. कपाळावर टिळ्यावर टिळा, हातात नारळावर नारळ, आणि चेहऱ्यावर हसू. का नाही हसणार? असले शत्रू मिळायला नशीब लागतं.

टूलरूमच्या युनियनने सभासदांच्या हुशार मुलांचा सत्कार ठेवला होता. मंदाचे वडील गोटीराम, म्हणजे तिचे नाना, टूलरूममध्ये टर्नर. म्हणून मंदा सभासदाची मुलगी. आई नवसाबाई त्याच कारखान्यात पॅकिंगला, पण ठेकेदाराच्या हाताखाली. म्हणजे आईकडून मंदा कुणाचीच कुणी नाही! बक्षीस होतं स्टीलचा डबा. त्यावर युनियनचे सेक्रेटरी झुंबरअण्णा यांचं नाव ठळक कोरलेलं, खाली युनियनचं, आणि मंदाचं झाकणाच्या कडेला, जागा उरली तेवढ्यात.

प्रश्न ऐकून झुंबरअण्णांनी माइक आपल्याकडे ओढला. पांढरी सफारी, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक तरी चालत असेल का, अशी मंदाला दाट शंका होती.

"बाळ, पॅकिंगला मशीन आहे का? मशीनच नाही तर पूजा कशाची करायची? आणि पूजा नाही तिथं युनियन कुठली?"

"माझी आई दिवसभर खोक्यांना खिळे ठोकते. तिच्याकडे हातोडी आहे."

"हातोडी!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "मग आमच्या घरी पाटा-वरवंटा आहे, त्याचीही एक युनियन काढू!"

सगळा मांडव हसला. एवढी मोठी माणसं, मिशीवाली, पोराबाळांची, आणि हसणं मात्र वर्गातल्या शेवटच्या बाकासारखं. पहिल्या रांगेत नाना आपल्या बुटांकडे असे बघत होते जणू बूट आत्ताच लेथवरून उतरलेत आणि त्यांचं माप चुकलंय. मागे, मांडवाच्या कडेला, पॅकिंगच्या बायका झाडू घेऊन उभ्या होत्या. चारी युनियनच्या करवंट्या गोळा करण्याचा मान त्यांचाच होता. त्यांच्यात आई होती. ती हसत नव्हती.

मंदाने डबा टेबलावर ठेवला आणि खाली उतरली. मिसळ झणझणीत होती, तरी तिला गोड लागेना.

संध्याकाळी घरी आईने देवापुढे पाट मांडला. नानांचं माप घ्यायचं व्हर्नियर, विळी, मंदाची कंपासपेटी. मग पिशवीतून हातोडी काढून तिने अगदी टोकाला ठेवली.

"हे काय आणि?" नाना म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या की. वरीसभर राबलीय ती बी."

"उचल ती. अण्णा येताहेत चहाला. आज पोरीनं आधीच नाक कापलंय."

"आमच्या पॅकिंगातली सुलाबाई म्हनती," आई हळूच म्हणाली, "पंख्याच्या सगळ्या कारखान्यांची मिळून एकच युनियन पायजे. ओतनारा, गुंडाळनारा, रंगवनारा, खोकं ठोकनारी, समदी एका पाटीखाली. रविवारी मारुतीच्या पारावर सभा हाय. मी जाऊ का?"

"अजिबात नाही! अण्णा मला खजिनदार करणार आहेत. माझी बायको त्या पारावर दिसली तर संपलंच."

बाहेर चपला वाजल्या आणि नानांनी घाईघाईने हातोडी पाटावरून खाली घेतली आणि पायाने खाटेखाली ढकलली. पायाने! खंडेनवमीच्या दिवशी! आईने डोळे मिटून घेतले.

झुंबरअण्णा मंदाने मांडवात ठेवलेला डबा घेऊन आले होते. चहा बशीत ओतून फुंकर मारत म्हणाले, "गोटीराम, मुलीला जरा आवरा. आणि वहिनी, त्या सुलाबाईच्या नादी लागू नका. उगाच कशाला? पॅकिंगला दिवाळीआधी ब्रेक द्यायचं साहेबांनी ठरवलंच आहे."

ब्रेक म्हणजे काय, ते मंदा पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. दिवाळीआधी बायकांना घरी बसवायचं आणि दिवाळीनंतर नव्या म्हणून परत घ्यायचं. म्हणजे त्या कधी कायम होत नाहीत, बोनसही मागत नाहीत.

"ठरवलंय? म्हणजे तुम्हाला आधीच सांगितलं होतं?" मंदाने विचारलं.

"अगं, आमच्याशी बोलल्याशिवाय साहेब काही करतात का?" अण्णांना तो मोठेपणाच वाटला. "त्यांचं वाचतं, तेवढाच आपल्या टूलरूमच्या बोनसला हातभार. काय गोटीराम?"

नानांनी कपात डोकं घातलं. त्यांनाही माहीत होतं. आईच्या दिवाळीवर आपला बोनस फुगणार हे माहीत असलेला माणूस तिच्याच हातचा चहा पीत होता, आणि वर साखर कमी आहे म्हणून तोंड वाकडं करत होता.

अण्णा गेले. जाताना डबा ठेवून गेले, आपलं नाव वर येईल असा.

मंदा खाटेखाली शिरली. हातोडी काढली, फ्रॉकच्या घेराने पुसली आणि पाटावर मधोमध ठेवली, व्हर्नियर बाजूला सारून. नाना काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात आईने कुंकवाचं बोट हातोडीला लावलं. त्यांच्याकडे न बघता.

"नाना, आई, माझं ठरलंय," मंदा म्हणाली, त्याच ढालवाल्या आवाजात. "हा डबा अण्णांना परत जाणार. आणि उद्या दसऱ्याची सुट्टी, परवा पहिल्या पाळीला मी आईबरोबर गेटवर उभी राहणार आहे. शाळा अकराला भरते, काळजी नको. चारी पाट्यांखाली जाऊन एकेकाला विचारणार, रविवारी पारावर कोण कोण येतंय. सुरुवात टूलरूमपासून. तेव्हा नाना, परवा बुटांकडे बघायचं नाही हं, सगळ्यांत आधी तुम्हालाच विचारणार आहे."