काकांचा प्रश्न

मालिकेतल्या महाबुद्धिमान शास्त्रज्ञबाईंच्या खोलीतला फळा पेंटरकाका लिहीत. सात वर्षं लिहीत होते, पण त्यातलं अक्षर कळत असेल तर शपथ! दिग्दर्शकाचं एकच सांगणं असे, "काका, अवघड दिसलं पाहिजे." मग काका जुन्या पुस्तकातली चिन्हं उतरवत, वर चार पदरची घालत. नायिका जाड चष्म्यातून फळ्याकडे क्षणभर बघे, डोळे मिटून घेई, की उत्तर हजर!

एके दिवशी सल्लागार म्हणून गणिताच्या प्राध्यापक आल्या. लालभडक कपडे, खळखळून हसणं. मेकअपवाल्याने त्यांना नायिकेची मावशी समजून पावडरसुद्धा लावली.

प्राध्यापकबाईंनी फळा बघितला. काका हात पुसत पुढे आले.

"चुकलंय का हो?"

"चुकायला आधी काहीतरी म्हणावं लागतं!" बाई हसल्या. "तुम्हाला खरंच पडलेला एखादा प्रश्न सांगा. तो लिहू."

असं काकांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. ते चाचरत म्हणाले, "सेटवर फरश्या रंगवतो ना, तेव्हा पाच सारख्या बाजूंची, सारख्या कोपऱ्यांची फरशी कितीही फिरवा, फट राहतेच. घराच्या आकाराची, पाचच बाजूंची, मात्र चपखल बसते. दोन्ही मिसळल्या तर?"

"मला माहीत नाही!" बाईंनी चक्क टाळी वाजवली. "पुठ्ठा आणा! कात्री आणा!"

दोघांनी जमिनीवर बैठक मारली. काका कापत, बाई जुळवत. "छप्पर थोडं उतरतं करा... अजून... अहो, फट बारीक झाली!" काकांनी लगेच नवीन तुकडा कापायला घेतला. एवढ्यात नायिका आली, चष्मा बाजूला ठेवून तीही खाली बसली आणि एक तुकडा उलटा करून बघायला लागली.

दिग्दर्शक तणतणत आला. "अहो, शॉट लागलाय! मॅडम, उत्तराचं वाक्य म्हणा."

नायिकेने मानही वर केली नाही. "उत्तर मला माहीत नाही. थांबा, करून बघतेय."

दिग्दर्शक ओरडणारच होता, पण तिघांचे रंगलेले चेहरे बघून त्याने कॅमेरावाल्याला खाली बसायची खूण केली. तिघं पुठ्ठ्यावरून भांडत होती, हसत होती, आणि कॅमेरा चालूच होता.

फट काही त्या दिवशी मिटली नाही. भाग मात्र जसाच्या तसा दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक काकांना शोधत आला.

"काका, पुढचा प्रश्न काय?"

काकांनी खिशातून कागद काढला. रात्रीत चार झाले होते.