कोनाड्यातली खिडकी

पोळी तव्यावर पडली आणि दारावरची पितळी घंटा खणाणली. उत्तरा उलथनं हातात घेऊनच बाहेरच्या खोलीकडे धावली. एजंटला एकची वेळ दिली होती. अर्ध्या तासाआधीच उगवला की काय मेला!

दारात मागच्या गल्लीतल्या मारेइकेबाई उभ्या होत्या. ऐंशी उलटलेल्या, हातात नासपतींची पिशवी.

"न विचारता आले," त्या अवघडून म्हणाल्या. "घर विकताय असं कळलं. इथे पूर्वी माझ्या पणजोबांचं दुकान होतं. एकदा आतून बघू का?"

पोळी करपायला लागली होती. "या, या," म्हणत उत्तराने त्यांना थेट स्वयंपाकघरातच नेलं. वर्षभरात पोस्टमन सोडला तर या दारात कोणी आलं नव्हतं. आधी राहायचे त्या रायस्वाइकला कसं, शेजारी आपलीच माणसं, विरजण मागायला का होईना, रोज कोणीतरी टपकायचं. नवऱ्याला, संजीवला, जुन्या विटांच्या घरांचं वेड, म्हणून या गावात येऊन पडलो! तिच्या जिवाला इथे स्वस्थता म्हणून नव्हती. जरा खुट्ट झालं की उठून दाराशी जायची, रिकामा रस्ता बघून परत यायची. बाहेरच्या खोलीतली खोकी तिने अजून फोडलीच नव्हती. 'विकू या, नाहीतर मी एकटी परत जाते,' असं तिने गेल्या आठवड्यात निक्षून सांगितलं, तेव्हा कुठे संजीव एजंटला बोलवायला तयार झाला.

मारेइकेबाई टेबलाशी बसल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघतच राहिल्या. तिथल्या कोनाड्यात उत्तराचे देव होते. मागे लाल कापड, पुढे निरांजन.

"खिडकी कुठे गेली?"

"कसली खिडकी? तो कोनाडा आहे. देवांसाठी अगदी जागच्या जागी मिळाला. पूजेला तोंडही पूर्वेला येतं."

"छे! कापडामागे झडप असेल बघा."

उत्तरा घुटमळली. मग हात धुतले, "चुकलं माकलं माफ करा," असं पुटपुटत एकेक देव ताटात उतरवला आणि कापड बाजूला केलं. खरंच, ती ज्याला मागची फळी समजत होती ती लाकडी झडप होती. कडी जोर लावल्यावर सुटली. पलीकडे बाहेरची खोली, खोकी, काचेचं दार आणि रस्ता, सगळं या खुर्चीवरून दिसत होतं.

"अगं बाई! म्हणजे वर्षभर मी खिडकीलाच हात जोडत होते?"

मारेइकेबाई हसल्या. "नेल्चे, माझी पणजी, इथे बसून जेवायची. गिऱ्हाईक आलं की तिचा नवरा कॉर्नेलिस आतूनच ओरडायचा, ऊठ! कुणाला साखर, कुणाला दिव्याचं तेल. बिचारीला गरम सूप कधी मिळालं नाही. रॉटरडॅमची पोरगी ती, इथे कशी रमणार? पेटी बांधूनच ठेवली होती म्हणे तिने."

उत्तराची नजर झडपेतून खोक्यांवर गेली. "मग? गेली परत?"

"कुठली जाते! कॉर्नेलिसने ही खिडकी पाडून दिली. उठण्याआधी बघून तरी घे म्हणाला. तेव्हापासून हवं ते माणूस दिसलं तर ती उठायची. नको ते दिसलं की झडप लावून जेवत राहायची. सबंध गाव ओळखून होतं."

उत्तराला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग डोळे भरून आले. कशासाठी, ते तिलाही नीटसं कळलं नाही. तिने पदर नव्हता म्हणून बाहीनेच डोळे पुसले, दोन ताटल्या मांडल्या, बटाट्याची भाजी वाढली.

"हाताने खाल्लं तर चालेल?" बाईंनी विचारलं.

"हातानेच खायचं."

बाईंनी पहिला घास घेतला, उत्तराने पोळीचा तुकडा मोडला आणि घंटा वाजली. ती सवयीने अर्धी उठली. मग थबकून झडपेतून पाहिलं. काचेपलीकडे टाय लावलेला तरुण एजंट फाइल घेऊन उभा होता, मान वर करून घराच्या कौलांचा अंदाज घेत होता.

"कोण आहे?" मारेइकेबाईंनी विचारलं.

उत्तराने झडप अलगद ओढून कडी लावली आणि खाली बसली. पोळीतून अजून वाफ येत होती.

घंटा पुन्हा वाजली.

"तूप वाढू का?" तिने विचारलं.